मऊ गादी, कडक टायर

आपल्या वार्षिकात कथा येतात, प्रवासवर्णने येतात, कविता तर ढिगाने येतात. परंतु टायर या विषयावर कोणी लिहिल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा उद्योग का करावा, असे संपादक मंडळातील एका सरांनी मला विचारलेच. त्यांना तोंडी जे उत्तर देता आले नाही ते येथे सविस्तर देतो.

माझे गाव सेमाडोह. परतवाड्याहून निघालेला रस्ता घाट चढून मेळघाटच्या जंगलात शिरतो, सिपना नदीच्या काठाकाठाने आमच्या गावावरून पुढे कोलकास, हरिसाल करीत धारणीला जातो. या रस्त्याच्या कडेला माझ्या मामांचे पंक्चर काढण्याचे दुकान आहे. दुकान म्हणजे वर पत्रे, खाली एक कॉम्प्रेसर, पाण्याची टाकी, दोन टॉम्या, पाने, सोल्यूशनचे डबे आणि भिंतीला टेकवलेले जुने टायर. सुट्टीत मी तेथेच असतो. आमच्याकडे रात्र पडली की पहिल्यांदा आवाज कमी होतात आणि मग, गंमत अशी की, जास्त ऐकू येऊ लागते. दूर वळणावरची गाडी दिवे दिसण्यापूर्वी कानाला कळते. मामा तर खाटेवर पडल्या पडल्या सांगतात, ही एसटी, हा संत्र्याचा ट्रक, ही जीप आणि तिचा मागचा टायर गेलेला आहे. मी एकदा विचारले, "मामा, इंजिनावरून ओळखता का?" ते म्हणाले, "इंजिन जवळ आल्यावर बोलते बापू. दुरून बोलते तो टायर."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेले. पुढे वाचनात आले की ते शास्त्राला धरून आहे. मोटारगाडी ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे गेली की तिच्या एकंदर आवाजात इंजिनापेक्षा टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा, आदळण्याचा आणि हवेच्या दाबण्याचा वाटा मोठा होतो. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्यांत तर इंजिनाचा आवाज नाहीच, त्यामुळे टायरची बडबड उघडी पडते. इंजिन गप्प बसले म्हणून कोणी बोललेच नाही असे होत नाही; वर्गात सर गप्प बसले की मागच्या बाकाचे ऐकू येते तसेच.

आता मूळ हकीकत. आमच्याकडे दरवर्षी दिवाळीनंतर एक गृहस्थ सहकुटुंब येतात, वनखात्याच्या संकुलात दोन दिवस राहतात आणि जाताना मामांकडे हवा तपासून जातात. गाडी परदेशी नावाची, किमतीची. आत बसले की दिवाणखान्यात बसल्यासारखे वाटावे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला कोलकासपर्यंत वाट दाखवायला बरोबर घेतले होते. खडबडीत तुकड्यावरूनही ती गाडी अशी गेली की मागच्या बाकावरच्या आजीबाईंना झोप लागली. पुढच्या वर्षी तीच गाडी, तेच गृहस्थ, तोच रस्ता. परंतु या खेपेस गाडीला चमकदार मोठी चाके आणि त्यावर पातळ पट्टीसारखे टायर. आजीबाई जाग्या, हात छताखालच्या मुठीला. गाडीत घूं असा एक अखंड सूर आणि प्रत्येक खड्ड्याला पाठीच्या कण्यात उत्तर. परत येताना गावाच्या अलीकडे एका खड्ड्यात पुढचे चाक आदळले आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. मामांनी तो पाहिला, बोटाने चाचपला आणि म्हणाले, "याले इलाज नाही साहेब. आतले धागे तुटले. असाच घाट उतरले तर केव्हा फुटन सांगता येत नाही."

त्या गृहस्थांनी त्या चार चाकांसाठी मोठी रक्कम मोजली होती. एवढा पैसा देऊन माणसाने आपला आराम विकत घ्यावा हे समजते. पण विकून टाकावा हे कसे? या प्रश्नामुळे मी टायरच्या मागे लागलो.

प्रारंभ बंडीपासून करू. आपल्याकडे लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात. गोवऱ्यांच्या आगारात कडे लाल करायचे, ते पसरले की चाकावर बसवायचे आणि वरून पाणी ओतायचे; लोखंड आकसते आणि चाकाला घट्ट आवळून धरते. धाव झिजत नाही, पंक्चर होत नाही, हवा मागत नाही. फक्त ती काही सोसत नाही. दगडावर चढली की दगडाचा धक्का जसाच्या तसा आरीतून, कण्यातून, साठ्यातून बसणाऱ्याच्या दातांपर्यंत. आणि आवाज! धावेच्या बंडीची चाहूल अर्ध्या कोसावरून लागे. पुढे रबरी टायरच्या बंड्या आल्या, ज्यांना आपले शेतकरी अजूनही कोणत्याही कंपनीचा टायर असो, 'डनलॉपची बंडी'च म्हणतात. ज्याने दोन्हींत बसून पाहिले असेल त्याला या लेखातील निम्मा भाग सांगण्याची गरज नाही.

हवेवर चालण्याची कल्पना मात्र डनलॉपची नव्हे. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाने १८४५ साली तिचे पेटंट घेतले. रबर चढवलेल्या कापडाची नळी, वरून चामड्याचे वेष्टन आणि आत हवा. १८४७ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने घोड्याची गाडी अशा चाकांवर चालवून दाखवली. पाहणाऱ्यांना दोन गोष्टींचे नवल वाटले : घोड्याला ओढायला कमी जोर लागतो आणि गाडी जवळजवळ निःशब्द जाते. म्हणजे आराम व शांतता हे दोन गुण टायरच्या जन्माबरोबरच आले. परंतु त्या काळी मोटार नव्हती, सायकलही नावापुरतीच. शोध विसरला गेला. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तोच शोध पुन्हा लावला आणि त्याचे नाव घरोघर गेले. थॉमसनचे आधीचे पेटंट उघडकीस आल्यावर डनलॉपचे पेटंट रद्द झाले, पण तोवर नाव रुजले होते. फ्रान्समधील मिशलां बंधूंनी १८९५ साली पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार प्रथम पळवली, वाटेत असंख्य पंक्चर काढीत. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांना त्या बंधूंविषयी फार आपुलकी वाटली.

आता टायरकडे जरा जवळून पाहू. वास्तविक गाडीचे वजन रबर उचलत नाही, रबरात कोंडलेली हवा उचलते. एक मोठी गाडी अठराशे किलोची धरा. एका चाकावर साडेचारशे किलो, म्हणजे सुमारे एक हजार पौंड. आत हवा दर चौरस इंचाला ३३ पौंड. एक हजाराला ३३ ने भागा, तीस चौरस इंच येतात. आपल्या वहीच्या साधारण अर्ध्या पानाएवढी जागा! एवढ्याच तुकड्यावर ते चाक उभे असते. गाडीच्या आत चामड्याच्या गाद्या असोत की चंदनी लाकूड असो, रस्त्याशी तिचे बोलणे या चार अर्ध्या पानांतूनच होते.

टायरच्या बाजूवर २२५/५५ आर १७ अशी अक्षरे असतात. ही वाचता आली की निम्मे कोडे सुटते. २२५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा किती, ते. १७ म्हणजे आतल्या धातूच्या रिंगचा व्यास इंचांत. 'आर' म्हणजे रेडियल. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वर पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे तळ ताठ राहतो आणि भिंत मात्र मोकळेपणाने वाकते. मिशलां कंपनीने याचे पेटंट १९४६ साली घेतले. भिंतीचे हे वाकणे हीच गाडीची पहिली स्प्रिंग होय.

येथे थोडे गणित करू. कला शाखेच्या वाचकांनी घाबरू नये, मीही जपूनच केले आहे. एकाच गाडीला बसणारे चार टायर घ्या : २२५/६० आर १६, २२५/५५ आर १७, २४५/४५ आर १८ आणि २४५/४० आर १९. चारही टायरांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ६७६ ते ६७९ मिलिमीटर. म्हणून गाडी तेवढीच उंच राहते आणि वेगाचा काटा खोटे बोलत नाही. पण भिंतीची उंची पाहा. पहिल्याची १३५ मिलिमीटर, दुसऱ्याची सुमारे १२४, तिसऱ्याची ११०, आणि चौथ्याची ९८. धातू वाढत गेला तसे रबर घटत गेले. पहिल्या आणि चौथ्यामध्ये दीड इंच रबराचा आणि हवेचा फरक आहे. त्या गृहस्थांनी सतरावरून एकोणीसवर उडी मारली, म्हणजे एक इंचभर गादी काढून दिली. गाडीतल्या आसनाची नव्हे, रस्त्याजवळची; आणि ती अधिक मोलाची होती.

का, ते सांगतो. स्प्रिंग आणि शॉकअप हे मोठ्या खड्ड्यांचे, उंचवट्यांचे काम पाहतात. रस्त्यावरची खडी, डांबराचे ठिगळ, पुलाचा सांधा यांचे धक्के बारीक आणि फार जलद असतात. त्यांना उत्तर द्यायला जड स्प्रिंगला उसंतच मिळत नाही. ते धक्के टायरनेच गिळायचे असतात. भिंत उंच व लवचीक असेल तर ती गिळते. ठेंगणी व ताठ असेल तर पुढे पाठवते. त्यात मोठी रिंग बहुधा जडही असते. जड चाक एकदा उसळले की त्याला परत जमिनीवर दाबणे स्प्रिंगला अवघड जाते. पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे जे टायर निघाले आहेत, त्यांच्या भिंती मुद्दाम जाड व कडक केलेल्या असतात. सोय मोठी, परंतु धक्क्याच्या बाबतीत तेही कडकच. पातळ टायरचा म्हणून काही गुण नाही असे मात्र नव्हे. वळणावर तो डुलत नाही, सुकाणूला चटकन उत्तर देतो. ज्याला शर्यत खेळायची त्याने तो जरूर घ्यावा. आमच्या घाटात आजीबाईंना घेऊन शर्यत कोण खेळणार?

हा झाला धक्क्याचा विचार. आवाजाचे प्रकरण याहून रसाळ आहे.

टायरचा आवाज एक नसतो, अनेक असतात. पहिला ठोक्यांचा. टायरवर नक्षीचे रबरी ठोकळे असतात. प्रत्येक ठोकळा रस्त्यावर आपटतो. टायरचा घेर दोन मीटर आणि गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला वीस मीटर, असे धरले तर चाक सेकंदाला दहा फेरे घेते. घेरावर साठ सारखे ठोकळे असले तर सेकंदाला सहाशे ठोके. हे ठोके मग ठोके राहत नाहीत, त्यांचा एक किरकिरा सूर होतो. म्हणून चांगल्या टायरचे ठोकळे एका मापाचे नसतात. लहान, मोठे, मध्यम असे मुद्दाम विस्कटून मांडलेले असतात. एका सुरात पाढे म्हणणारा वर्ग पलीकडच्या इमारतीत ऐकू जातो. तीच मुले मधल्या सुट्टीत आपापसात बोलू लागली की नुसती कुजबुज होते. आवाज तेवढाच, पण एका सुरावर गोळा झालेला नाही, म्हणून कानाला बोचत नाही.

दुसरा आवाज हवेचा. ठोकळ्यांमधल्या खाचांत हवा दाबली जाते आणि चाक उचलताच फुटून बाहेर येते, जणू हजारो चिमुकल्या टाळ्या. टायरची गोलाई आणि सपाट रस्ता यांच्यामध्ये जी पाचरीसारखी जागा उरते ती कर्ण्याचे काम करते आणि हा आवाज वाढवून दूर फेकते. मामांना दुरून ऐकू येते ते बव्हंशी हेच. टायर जितका रुंद, तितकी दाबली जाणारी हवा अधिक आणि कर्णाही मोठा.

तिसरा आवाज टायरच्या पोटातला, आणि संगीत शिकणाऱ्या मित्रांना तो विशेष आवडेल. टायरच्या आत गोल फिरून येणारी हवेची वाट सुमारे पावणेदोन मीटर लांब असते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. भागाकार केला की सेकंदाला दोनशेच्या आसपास कंपने येतात. म्हणजे गायिका ज्या काळी चारमध्ये षड्ज लावतात, जवळपास तोच सूर. रस्त्याने चाकाला ठोकर दिली की रिकाम्या घागरीत हुंकार द्यावा तशी ही हवा घुमते. हा घुमारा काचेतून येत नाही. तो रिंगमधून, कण्यातून, गाडीच्या लोखंडी अंगातून चढत आसनापर्यंत पोहोचतो. म्हणूनच किमती गाड्यांतल्या दुहेरी जाड काचा वरच्या पट्टीचे आवाज अडवतात. खालच्या पट्टीचे आवाज मात्र गाडीच्या हाडांतून येतच राहतात. यावर उपाय असा काढला की टायरच्या आतल्या बाजूला स्पंजाची पट्टी चिकटवायची, घागरीत कापूस कोंबावा तशी. २०१७ साली आलेल्या रोल्स-रॉइस फँटम गाडीला असे स्पंजाचे टायर दिले आणि शिवाय गाडीत १३० किलोंहून अधिक ध्वनिशोषक द्रव्य भरले. याच कंपनीची १९५८ सालची एक जाहिरात फार गाजली होती. डेव्हिड ओगिल्व्ही या जाहिरातलेखकाने तीत असे म्हटले होते की ताशी साठ मैल वेगाला या गाडीत सर्वांत मोठा आवाज येतो तो तिच्यातल्या विजेच्या घड्याळाचा. घड्याळाशी स्पर्धा लावली की शेवटी टायरपर्यंत जावेच लागते.

अर्थात भांडण एकट्या टायरचे नाही, टाळी दोन हातांनी वाजते. दुसरा हात रस्ता. आपल्या भागात याचा अनुभव घ्यायला दूर जाणे नको. २०२२ च्या जून महिन्यात अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत डांबराने घालून विश्वविक्रम झाला, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. तशा ताज्या, दाट डांबरावर चांगला टायर मांजरासारखा चालतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा जून २०२५ मध्ये. काँक्रीट टिकाऊ खरे, पण ते कठीण. साधारणपणे त्यावर टायर डांबरापेक्षा अधिक वाजतो. धामणगावकडून समृद्धीवर चढलेल्या गाडीत बोलणारी माणसे नकळत आवाज चढवतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि परतवाड्यापासूनचा आमचा घाटरस्ता म्हणजे दोन्हींचा मासला : कोठे गुळगुळीत, कोठे उघडी पडलेली खडी, पावसाळ्यानंतर ठिगळे. ज्याला टायरची परीक्षा घ्यायची त्याने येथे यावे.

टायर चांगला निवडला तरी तो सांभाळावा लागतो. मामांच्या दुकानात निम्मी तक्रार हवेची असते. 'कडक बरे' अशी एक समजूत आहे. त्या गृहस्थांनीही नव्या टायरांत चाळीस पौंड हवा भरून घेतली होती. दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला कागद कोणी वाचत नाही. हवा ठरल्यापेक्षा जास्त भरली की टायर चेंडूसारखा उसळतो, मधोमध झिजतो, धक्के वाढतात. कमी भरली की भिंत फार वाकते, तापते आणि लांबच्या वेगवान प्रवासात फुटण्याची भीती. तीही चाके थंड असतानाच मोजायची. घाट चढून आलेल्या तापल्या टायरची हवा मोजून सोडणे हे चुकीचेच. दुसरी तक्रार वयाची. टायरवर चार आकडे शिक्क्यासारखे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वर्षांगणिक कडक होते, आणि कडक रबर अधिक बोलते.

तिसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. आमच्याच एका नातेवाइकांच्या गाडीत घूंघूं आवाज येऊ लागला. शहरातल्या एका मिस्त्रीने चाकाचे बेअरिंग गेले म्हणून सांगितले, बदलले, पैसे घेतले, आवाज तसाच. मग दुसऱ्या बाजूचे बदलले. आवाज तसाच. सेमाडोहला आले तेव्हा मामांनी चाक वर घेतले आणि तळहात टायरवरून एकदा पुढे, एकदा मागे फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखे दाते. ठोकळे तिरपे झिजले होते. मामांनी पुढची चाके मागे टाकली, आवाज पुढून मागे गेला. निदान पक्के झाले! बेअरिंग बिचारे निर्दोष होते. अलाइनमेंट वेळेवर पाहिले असते आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल केली असती तर ही वेळ आली नसती.

येथवर गाडीच्या आतल्या माणसाचा विचार झाला. मला खरे म्हणजे ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो भाग यापुढे आहे.

वर स्पंजाचा उल्लेख केला. तो स्पंज टायरच्या पोटातला घुमारा शोषतो आणि आत बसलेल्याला शांतता देतो. बाहेर खाचांतून फुटणारी हवा आणि आपटणारे ठोकळे यांवर त्याचा काहीच इलाज चालत नाही. जाड काचा, दाराचे रबर, खालचे अस्तर हे सारे आतल्यांसाठी. बाहेर आवाज तेवढाच. किंबहुना मोठी जड गाडी, रुंद टायर, आणि आत काही ऐकू येत नसल्यामुळे नकळत वाढलेला वेग, यांमुळे तो अधिकच. आतली शांतता आणि बाहेरची शांतता या दोन निराळ्या वस्तू आहेत. दुकानात फक्त पहिलीच विकत मिळते.

बाहेरचा आवाज मोजण्याची रीत आहे. इंजिन बंद करून गाडी ताशी ८० च्या वेगाने नुसती घरंगळू देतात आणि वाटेच्या मध्यापासून साडेसात मीटरवर ध्वनिमापक ठेवतात. युरोपातील नियमांत १८५ मिलिमीटरपर्यंत रुंदीच्या मोटारीच्या टायरला ७० डेसिबलची मर्यादा घातली आणि २७५ च्या वरच्या रुंद टायरला ७४ ची. चार डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात. डेसिबलच्या हिशेबात तीनला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, तेव्हा चार म्हणजे अडीचपट. ज्याची गाडी मोठी त्याला आवाजाची सवलतही मोठी, असा हा न्याय! भारत सरकारनेही २०२२ साली टायरचा घरंगळण्याचा आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि ओढ यांविषयीची मानके बंधनकारक करणारी अधिसूचना काढली. टायर विकत घेताना या आवाजाची चौकशी करणारा गिऱ्हाईक मी मामांच्या दुकानात अद्याप पाहिलेला नाही. किंमत विचारतात, किती चालेल ते विचारतात, दिसतो कसा तेही विचारतात.

जंगलाला याने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील आयडाहो राज्यात २०१२ साली संशोधकांनी एक मजेदार प्रयोग केला. रस्ता मुळीच नसलेल्या एका डोंगरकडेला त्यांनी ओळीने ध्वनिक्षेपक लावले आणि नुसता वाहतुकीचा आवाज वाजवला. धूर नाही, दिवे नाहीत, गाडी नाही, फक्त आवाज. स्थलांतराच्या दिवसांत तेथे उतरणाऱ्या पक्ष्यांची संख्या एक चतुर्थांशाहून अधिक घटली. आवाज थांबवला की पक्षी पुन्हा येत. पक्ष्याला शत्रूची चाहूल ऐकायची असते, जोडीदाराची साद ऐकायची असते. ती त्या घरघरीत बुडून जाते. मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. सांबराची हाक, वानराचा खोकल्यासारखा इशारा, यांवर येथे एकमेकांचे जीव तगतात. आमची कोरकू वडीलधारी माणसे रस्त्याने चालताना मध्येच थांबून ऐकतात आणि मग पुढे पाऊल टाकतात. गाडी जाईपर्यंत त्यांनाही थांबावे लागते, कारण तेवढा वेळ कोणालाच काही ऐकू येत नाही.

वेगाचाही येथे संबंध आहे. वेग निम्मा केला की टायरचा आवाज साधारण दहा डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला निम्मा वाटतो. स्पंजाचा टायर नसला तरी हे कोणालाही फुकट करता येते. परंतु आत बसलेल्याला ते करावेसे वाटण्यासाठी बाहेरचा आवाज त्याच्या कानी पडायला हवा, आणि त्याने नेमका तोच न पडण्यासाठी पैसे मोजलेले असतात.

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. त्या गाडीला पुरती स्टेपनीही नव्हती, किमती गाड्यांत हल्ली ती अनेकदा देतच नाहीत. परतवाड्याला निरोप धाडून, एक रात्र मुक्काम वाढवून, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टायर आला. तोवर ते मामांच्या बाकावर बसून होते. रात्री साडेनऊच्या सुमारास धारणीकडून एक गाडी आली, गेली, आणि तिचा आवाज पुलापलीकडे विरेपर्यंत त्यांनी बोलणे थांबवले. मग म्हणाले, "मिस्त्री, आमचीपण बाहेरून अशीच वाजत असेल का?" मामा म्हणाले, "नाही साहेब. जास्त."

यंदाच्या दिवाळीत ते पुन्हा आले. मामा पाण्याच्या टाकीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा गाडी दुकानापुढे उभी होती. जुनी सतरा इंची चाके, जाड टायर, आणि मागे आजीबाई गाढ झोपलेल्या. हवा तपासली, तेहेतीस भरली. फुगा आलेला तो जुना टायर मामांनी मधोमध कापून शेळ्यांना पाणी पाजायला ठेवला आहे. ९८ मिलिमीटर खोलीत पाणी थोडेच मावते, अशी मामींची तक्रार आहे.